वाचक विचारतात : कन्याकुमारीला रेघ दिसते का?

प्रश्न : येत्या डिसेंबरात सासूबाईंना (वय ७४, गुडघे दुखतात, उत्साह दांडगा) कन्याकुमारीला न्यायचं म्हणतेय. तीन समुद्र एकत्र येतात ते बघायची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. मोबाइलवर एक फोटो फिरतोय, त्यात निळं पाणी आणि मातकट पाणी शेजारी शेजारी आणि मध्ये सरळ रेघ. तिथे खरंच असं दिसतं का? आमचे यजमान म्हणतात, समुद्रच बघायचा तर दादर चौपाटीला जाऊन या.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : रेघ दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे सासूबाई तिथे जाऊन हिरमुसायच्या नाहीत. असा जो फोटो सगळीकडे फिरतो तो अलास्काच्या आखातातला आहे. हिमनद्यांनी आणलेला बारीक गाळ समुद्राच्या पाण्याला भिडतो तिथे तशी कड दिसते, आणि तीही कायमची नसते. जुलैत वर्सोव्याला खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडताना पाहिलंत तर असलाच प्रकार घरबसल्या दिसेल.

पण मला तुमच्या सासूबाईंची बाजू कळते, कारण मीही रेघ शोधली आहे. १९८१च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही गिरगावातून निघालो होतो. वडील गोदीत नोकरीला, त्यामुळे समुद्राचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. आईने मात्र निघतानाच औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या धुऊन पिशवीत टाकल्या होत्या. त्यांवर चिकटपट्टी लावून माझ्याकडून शाईच्या पेनाने लिहून घेतलं होतं : अरबी, बंगाल, हिंदी. तिथे पोचल्यावर पदर खोचून ती पूर्वेच्या पायऱ्यांवर उतरली, एक बाटली भरली. मग दक्षिणेला, मग पश्चिमेला. तिन्ही ठिकाणांत फार तर दीडशे पावलांचं अंतर असेल. वडील काठावर उभे राहून चपला सांभाळत होते.

परतीच्या गाडीत बाटल्या पाझरल्या, शाई धुऊन गेली. घरी आल्यावर आईने तिन्ही बाटल्या खिडकीत उजेडाला धरल्या, हलवल्या, एकीचं बूच काढून वास घेतला. मग सरळ सगळं पाणी एका मोठ्या बाटलीत ओतलं आणि ती देवघरात ठेवली.

पुढे मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर त्रिकोण काढून ‘डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे बंगालचा उपसागर, खाली हिंदी महासागर’ असं सांगत आले. खरं तर सागरी नकाशांसाठी १९५३ साली ज्या आंतरराष्ट्रीय हद्दी छापल्या गेल्या, त्यांत बंगालचा उपसागर रामसेतूच्या पलीकडे सुरू होतो. कन्याकुमारीच्या पूर्वेला आहे मन्नारचं आखात आणि पश्चिमेला लक्षद्वीप समुद्र. हे सासूबाईंना सांगूच नका. संगम लोकांनी मानला आहे आणि तिथे स्नान करणाऱ्याला नकाशा लागत नाही.

त्यांना सांगायचंच तर हे सांगा. बंगालच्या उपसागराचं पाणी अरबी समुद्रापेक्षा कमी खारं असतं, कारण गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा सगळ्या तिकडे रित्या होतात. पावसाळ्यात वारे नैर्ऋत्येकडून वाहतात तेव्हा प्रवाह अरबी समुद्राचं खारट पाणी टोकाला वळसा घालून पूर्वेला नेतो. थंडीत वारे उलटतात आणि पूर्व किनाऱ्याने खाली आलेलं ते कमी खारं पाणी श्रीलंका आणि कन्याकुमारीला वळसा घालून पश्चिमेला येतं. म्हणजे वर्षातून दोनदा देवाणघेवाण, अगदी शेजारणींच्या वाट्यांसारखी. आता आपली गोदावरी बघा. त्र्यंबकेश्वरला जन्मते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण ती पाठ फिरवते आणि सारा देश ओलांडून राजमहेंद्रीच्या पुढे उपसागराला मिळते. तिथून डिसेंबरात हा वळसा. थेंबाथेंबाचा हिशेब कोण ठेवणार, पण नाशिकच्या पुराच्या पाण्याला आपल्या बाजूच्या समुद्रात परत यायचा हाच रस्ता आहे. तुम्ही तिथे उभ्या असाल ते दिवस नेमके त्या पाण्याच्या येण्याचे असतील.

डोळ्यांना दिसतं ते वेगळंच. आपण मुंबईकर समुद्राला मावळतीची जागा समजतो. सूर्य आपल्याकडे बिल्डिंगांमागून उगवतो. फार तर भाऊच्या धक्क्यावर पहाटे गेलात तर उरणच्या टेकड्यांवरून. तिथे तो पाण्यातून वर येतो आणि संध्याकाळी त्याच गावात, दुसऱ्या बाजूला, पाण्यातच जातो. मला पहिल्यांदा पाहताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. मावळती पाण्यात हवी असेल तर थंडीतच जावं, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. उन्हाळ्यात तो जमिनीमागे जातो आणि लोक कुरकुरत हॉटेलवर परततात.

आता गुडघे. विवेकानंद शिलेवर जायला बोट लागते आणि बोटीला रांग. पहिल्या फेरीसाठी सकाळी आठच्या आधी उभं राहा. दुपारी चारनंतर बोटीचं तिकीट मिळत नाही. वर अनवाणी फिरावं लागतं आणि बाराच्या उन्हात दगड तव्यासारखा तापतो, म्हणून सासूबाईंना मोजे द्या. समुद्र खवळलेला असेल तर बोट बंद, त्यामुळे एक दिवस हातचा ठेवा. शिलेवरून शेजारच्या, तामिळ कवी तिरुवल्लुवरांच्या पुतळ्याकडे जायला आता काचेचा पूल आहे, ३० डिसेंबर २०२४ला सुरू झालेला, ७७ मीटर लांब. मी २०२५च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा पायांखाली लाटा बघून माझ्यापुढचे एक दणकट गृहस्थ कठडा सोडेनात आणि त्यांची चिमुरडी नात त्यांना ‘आबा, चला ना’ म्हणत ओढत होती. पुतळा चौथऱ्यासकट १३३ फूट आहे, कारण त्यांच्या तिरुक्कुरळ या ग्रंथाचे अध्याय १३३.

शिलेवर गेल्यावर एकनाथ रानडे हे नाव मात्र आठवा. आपला माणूस, अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचा. विवेकानंद १८९२च्या २५ ते २७ डिसेंबरला त्या खडकावर ध्यानाला बसले होते. तिथे स्मारक उभारायला परवानगी मिळेना, तेव्हा रानड्यांनी दिल्लीत ठाण मांडून तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या सह्या गोळा केल्या. मग घरोघरून एकेक रुपया जमवला. १९७०मध्ये स्मारक उभं राहिलं. एवढा मोठा तामिळ खडक आणि त्यामागे एक वऱ्हाडी चिकाटी! गावाबाहेर विवेकानंदपुरम आहे, राहायची सोय शांत आणि साधी. सूर्योदय बघायला तिथला स्वतःचा किनारा आहे, गर्दीत टाचा उंचावाव्या लागत नाहीत.

देवीचं मंदिर चुकवू नका. कुमारी अम्मन शंकराशी लग्न व्हायची वाट बघत नटूनथटून बसली. जवळच्या शुचींद्रमहून वरात निघाली, पण मध्यरात्रीच कोंबडा आरवला, मुहूर्त टळला असं वाटून वरात परत फिरली. लग्नाचे तांदूळ तसेच राहिले आणि त्यांची वाळू झाली म्हणतात. किनाऱ्यावर तांदळाच्या कण्यांसारखी आणि लाल-काळी वाळू पुड्यांत बांधून विकतात. लाल रंग गार्नेट या खनिजाचा, काळा इल्मेनाइट या खनिजाचा. पण अक्षतांची गोष्ट ऐकल्यावर सासूबाई पुडी घेतल्याशिवाय हलणार नाहीत. देवीच्या चमकीचा हिरा इतका लखलखतो की त्याला दीप समजून जहाजं खडकावर आदळायची, म्हणून पूर्वेचं दार बंद ठेवतात, अशीही कथा आहे. पुरुषांना आत जाताना सदरा काढावा लागतो.

त्यावरून तुमचे यजमान. यायचंच नसेल तर आग्रह करू नका. डिसेंबरच्या अखेरीला तिथला सूर्योदय मुंबईच्या सुमारे चाळीस मिनिटं आधी होतो, पण सूर्यास्त दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी, सहा वाजून गेल्यावर पाच-दहा मिनिटांनी. त्यांना त्या वेळी दादर चौपाटीवर उभं करा आणि तुम्ही तिकडून फोन लावा. पुढच्या वर्षी तिकिटं तेच काढतील.

प्रश्न : माझ्या मुलाला (इयत्ता पाचवी) बाईंनी सांगितलं, भारताचं दक्षिण टोक म्हणजे कन्याकुमारी. त्याचा काका म्हणतो इंदिरा पॉइंट. पेपरात काय लिहायचं?
— एक वाचक, परळ

उत्तर : दोघंही बरोबर. मुख्य भूमीचं टोक कन्याकुमारी, देशाचं टोक ग्रेट निकोबारवरचं इंदिरा पॉइंट. प्रश्नात ‘मुख्य भूमी’ आहे का ते त्याला नीट वाचायला सांगा.

ता. क. मुलुंडच्या वाचक भगिनींना : सासूबाईंनी बाटल्या घेतल्याच तर नावं शाईने नका लिहू. मार्कर वापरा आणि बुचावर मेण ओता.