शहराचा 'विस्तार', शहराचा 'पसारा' आणि विसरलेली शीव

प्रश्न असा आला आहे: 'अर्बन स्प्रॉल' या संज्ञेसाठी 'नागरी विस्तार' हा शब्द रूढ होत आहे, तो बरोबर आहे का? शिवाय 'सस्टेनेबल' शहराला 'शाश्वत' शहर म्हणावे का?

'नागरी विस्तार' बरोबर नाही. बातम्यांत आणि प्रकल्प अहवालांत हा शब्द सर्रास वाचावा लागतो आणि प्रत्येक वेळी तो एका दोषावर पांघरूण घालतो. माणसे वाढली की घरे वाढतात, आणि तो विस्तार स्वाभाविक आहे. 'स्प्रॉल' म्हणजे माणसांच्या प्रमाणाबाहेर जमीन व्यापत विस्कळीतपणे पसरणे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या विकासाच्या उद्दिष्टांपैकी शहरांविषयीच्या अकराव्या उद्दिष्टाखाली याचे मापही ठरलेले आहे: जमीन बांधकामाखाली जाण्याच्या दराला लोकसंख्यावाढीच्या दराने भागायचे, आणि उत्तर १ पेक्षा जास्त आले की शहर विरळ होत पसरते आहे असे समजायचे. या दोषासाठी मराठीत 'पसारा' हा शब्द तयार आहे. संस्कृत 'प्रसार'पासून आलेल्या या शब्दात पसरणे आहे आणि अव्यवस्थाही आहे. तेव्हा 'शहरी पसारा' म्हणावे.

'हद्दवाढ' हाही त्याचा पर्याय नव्हे. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ मध्ये झाली आणि तिच्या हद्दवाढीचा वाद दशकानुदशके गाजत राहिला, पण त्या काळात उचगाव, पाचगाव, मोरेवाडी या बाजूंना घरे वाढायची थांबली नाहीत. पुण्यात हद्द वाढली, तीही इमारतींच्या मागून. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, क्षेत्र सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झाले, आणि तोवर त्यांतील अनेक गावांत बहुमजली संकुले उभी राहिलेली होती. हद्द ही कारभाराची रेषा आहे. ती पाहून पसारा मोजता येत नाही.

पसारा मोजायचा तर शहराने कोठे थांबायला हवे होते हे आधी माहीत असावे लागते, आणि त्या जागेचे मराठी नाव आहे शीव. वेस म्हणजे वस्तीचा दरवाजा, तर शीव म्हणजे गावाच्या सगळ्या जमिनीची कड, जिच्यापलीकडे दुसऱ्या गावाची जमीन लागते. हा शब्द संस्कृत 'सीमा'पासून आला आहे. दोन स्वरांमधल्या 'म'चा मराठीत 'व' होतो: ग्रामचे गाव, नामचे नाव, आमलकाचा आवळा, कोमलचे कोवळे. 'स'ला इकार लागला की त्याचा 'श' होतो, जसा सिंदूराचा शेंदूर. 'ग्रामसीमा' उच्चारत उच्चारत लोकांनी 'गावशीव' केली, आणि 'शिवार' हा शब्दही मी त्याच कुळात धरतो.

मुंबईचे शीव, म्हणजे सायन, हेच. शीवचा किल्ला १६६९ ते १६७७ या काळात बांधला गेला आणि इंग्रजांचे परळ बेट व पोर्तुगीजांचे साष्टी बेट यांची हद्द तेथे होती. तरीही जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्यांनी जेरुसलेमच्या झायन पर्वतावरून ठेवलेल्या नावाचा 'शीव' हा अपभ्रंश आहे, असे काही लेखक आजही लिहितात. मला हे मुळीच मान्य नाही. सीमेवरच्या जागेला लोक सीमावाचक नावाने ओळखतात, यासाठी परदेशी पर्वताची गरज नाही, आणि 'झायन'च्या शेवटच्या 'न'चा मराठीत 'व' होण्याची वाट या लेखकांपैकी कोणी दाखवलेली मी वाचलेली नाही. उलट दिशेची वाट मात्र सरळ आहे. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी आपण 'गांव', 'नांव' असे अनुस्वार देऊन लिहीत होतो, कारण जुन्या 'म'चा अंश नाकातल्या उच्चारात उरला होता. तसेच 'शींव'. माझे मत असे की हा अनुनासिक शब्द पोर्तुगीज कानाला त्यांच्या ओळखीच्या, नाकात संपणाऱ्या 'सियाऊं'सारखा, म्हणजे त्यांच्या भाषेतल्या झायनच्या नावासारखा वाटला असावा, आणि पुढे इंग्रजी लेखनाने त्याचे 'सायन' केले. पाद्र्यांची कथा त्यानंतर जोडलेली असावी.

मुंबईची ही शीव १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. जे गाव बेटाची कड होते ते आज महानगराच्या पोटात आहे. दसऱ्याचे 'शिलंगण' हेही 'सीमोल्लंघना'चेच रूप आहे, आणि शीव ओलांडून सोने आणायचे तर ओलांडण्याजोगी शीव शिल्लक असावी लागते. अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९७३ च्या कायद्याने शहरांना वाढीची रेषा आखणे बंधनकारक केले. तशा रेषेला आपल्या नियोजनकारांनी बोजड तत्सम संज्ञा घडवत बसू नये, 'शहरशीव' म्हणावे.

जुन्या गावकारभारात वस्तीच्या जमिनीला 'पांढरी' आणि पिकाच्या जमिनीला 'काळी' म्हणत. पांढरी काळीत शिरते तो पसारा, आणि ती शिरते गुंठ्यागुंठ्याने. चाळीस गुंठ्यांचा एकर तुकड्यांनी विकला जातो, रस्ता आणि गटार यांचा विचार मागाहून होतो, आणि अशी बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. 'विस्तार' म्हटल्यावर यातले काहीच दिसत नाही.

'शाश्वत'विषयी थोडक्यात. 'शश्वत्'पासून आलेल्या या शब्दाचा अर्थ नित्य, कधीही न संपणारे असा आहे, आणि कोणतेही शहर तसे नसते. प्रत्येक नव्या घरापर्यंत पाणी, मैलावाहिनी आणि बस नेण्याचा खर्च गावाला पेलतो का, आणि ते पाणी कोणाच्या शेताच्या वाट्याचे आहे, एवढेच तपासायचे असते. त्याला 'टिकाऊ' हा शब्द पुरतो.