पायथॉनमध्ये प्रत्येक इन्स्टन्स व्हेरिएबलची प्रॉपर्टी करायची का?

सर म्हणतात प्रत्येक इन्स्टन्स व्हेरिएबलची (ऑब्जेक्टमध्ये साठवलेल्या किमतीची) प्रॉपर्टी करा, थेट वापरलं तर बिघडतं कुठे, असं तुम्ही विचारलंय. प्रॉपर्टी बाहेरून साध्या व्हेरिएबलसारखीच दिसते, पण वाचताना किंवा किंमत देताना आत आपली मेथड चालते. पायथॉनपुरतं माझं मत स्पष्ट आहे: आधी साधा व्हेरिएबलच ठेवा, गरज पडली की प्रॉपर्टी करा.

मी कोल्हापुरात दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत पहाटे रांग लागलेली आणि मशीनची जोडणी बंद, म्हणून फॅट हातानं टाकणं चाललं होतं. एका म्हशीच्या दुधाला ६.५ फॅट लागली. टिंब राहिलं, ६५ गेलं. माझ्या क्लासमध्ये फॅट साधा व्हेरिएबल होता, त्यानं मुकाट ६५ घेतलं. दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा सचिवांचा फोन आला.

मग फॅटची प्रॉपर्टी केली. सेटरमध्ये (किंमत देताना चालणाऱ्या मेथडमध्ये) २ ते १५ च्या बाहेरचा आकडा आला की व्हॅल्यूएरर, म्हणजे किंमत चुकीची असल्याची एरर. पावती आणि बिल यांच्या कोडमधली एक ओळही बदलावी लागली नाही, कारण तिथं 'नोंद.फॅट' असंच लिहिलेलं होतं आणि तेच चालत राहिलं. जावामध्ये ही सोय नाही. फील्डच्या जागी मेथड आली की वापरणारा सगळा कोड बदलावा लागतो, म्हणून तिथं पहिल्यापासून गेटर-सेटर (किंमत वाचायची आणि द्यायची मेथड) लिहितात. सरांचा आग्रह तिथून आला असावा.

एक जागा सांभाळा. सेटरच्या आत 'सेल्फ.फॅट'लाच किंमत दिलीत तर सेटर स्वतःलाच बोलावत राहतो आणि रिकर्शनएरर येतो (एकात एक कॉलची मर्यादा सहसा १००० ची असते). आत अंडरस्कोरवालं नाव ('सेल्फ._फॅट') वापरा. इनिटमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) मात्र अंडरस्कोर नको, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होतानाही तपासणी होते. ऑब्जेक्टिव्ह-सी मध्ये नेमकं उलट: इनिटमध्ये इन्स्टन्स व्हेरिएबलला थेट हात लावतात, कारण सबक्लासनं बदललेला सेटर अर्धवट तयार ऑब्जेक्टवर चालू शकतो.

रक्कम मात्र साठवू नका. लिटर गुणिले दर, एवढीच प्रॉपर्टी ठेवा, म्हणजे लिटर दुरुस्त केले की रक्कम आपोआप बरोबर येते. दर मात्र त्या दिवशीचा नोंदीतच साठवायचा. तोही चालू दरपत्रकावरून काढलात, तर दरवाढ झाल्या दिवशी सभासदांची मागची सगळी बिलं बदललेली दिसतील.