विंडोज, मॅक आणि उबंटू या तिन्हींवर एकच एक्स्टर्नल हार्ड डिस्क वापरायची असेल तर ती कशात फॉरमॅट करावी?

तुमची २ टीबीची डिस्क घरच्या विंडोजवर व्यवस्थित चालते, मॅकबुकवर फाइली दिसतात, उघडतात, पण नवीन काही टाकता येत नाही, आणि आता त्यात उबंटूच्या लॅपटॉपची भर पडली आहे. डिस्क बिघडलेली नाही. ती एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत, आहे. मॅकओएस एनटीएफएस वाचतं, पण त्यावर लिहीत नाही. लिहू देणारे विकतचे ड्रायव्हर मिळतात. मात्र मॅकओएसची आवृत्ती बदलली की तेही बदलावे लागतात, आणि डिस्क जोडाल त्या प्रत्येक मॅकवर ते हवेत. दोन-तीन यंत्रांत फिरणाऱ्या डिस्कसाठी मी ते सुचवणार नाही.

तुम्हाला एक्सफॅट ही फाइल सिस्टिम हवी. विंडोज आणि मॅक दोन्हींत ते आधीपासून असतं. मॅकवर १०.६.५ पासून, म्हणजे फार जुनं यंत्र नसेल तर प्रश्नच नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याचे तपशील खुले केल्यावर ते उबंटू ज्यावर बेतलेलं आहे त्या लिनक्सच्या कर्नेलमध्येही (गाभ्यातही) आलं, त्यामुळे उबंटू २२.०४ किंवा त्यापुढचं असेल तर डिस्क लावली की उघडते. फॅट३२ सुद्धा सगळीकडे चालतं, पण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लग्नाचा एक व्हिडिओ टाकायला गेलात की तिथेच अडाल.

एनटीएफएसचं एक्सफॅट करताना डेटा जागेवर ठेवता येत नाही, फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं. म्हणून आधी पूर्ण डिस्क दुसरीकडे उतरवा, आणि उतरवलेल्यातल्या दहा-वीस मोठ्या फाइली उघडून बघा. मग विंडोजवर धिस पीसीमध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिम एक्सफॅट, अॅलोकेशन युनिट साइज डिफॉल्ट, क्विक फॉरमॅटवर टिक, स्टार्ट. ड्राइव्हचं अक्षर दोनदा वाचा, चुकून दुसरा ड्राइव्ह निवडू नका. मॅकवरूनही फॉरमॅट करता येतं: डिस्क युटिलिटीत आधी व्ह्यू मेनूतून शो ऑल डिव्हाइसेस, मग सगळ्यात वरचं डिस्कचं नाव निवडून इरेज, फॉरमॅट एक्सफॅट, स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप. तुमच्याकडे विंडोज आहेच, तर तिथूनच करा. मॅकवर केलेलं एक्सफॅट कधीकधी विंडोजला किंवा टीव्हीला ओळखता येत नाही.

इथवरचं काम अर्ध्या तासाचं, डेटा उतरवण्याचा वेळ सोडून. खरी काळजी पुढे आहे. एनटीएफएस आणि लिनक्सचं ईएक्सटी४ हे काय बदलणार आहे याची नोंद आधी जर्नलमध्ये करतात. मध्येच वीज गेली तर त्या नोंदीवरून फाइल सिस्टिम सावरता येते. एक्सफॅटमध्ये जर्नल नाही. लिहिणं चालू असताना केबल निघाली तर फोल्डरची यादी आणि डिस्कवरची प्रत्यक्ष जागा यांचा मेळ तुटतो, आणि कधी एक फाइल तर कधी आख्खा फोल्डर दिसेनासा होतो. म्हणून प्रत्येक वेळी इजेक्ट करूनच डिस्क काढा. उबंटूवर तर कॉपीची पट्टी पूर्ण झाली तरी बराच डेटा अजून मेमरीतच असतो, तो डिस्कवर गेल्यावरच इजेक्ट पूर्ण होतं. तेवढं थांबा. याच कारणासाठी माझं ठाम मत आहे की एक्सफॅट डिस्क ने-आण करायला ठेवावी. जी गोष्ट फक्त त्याच डिस्कवर आहे, तिची दुसरी प्रत कुठेतरी हवीच.

केबल निघालीच, तर पुढच्या वेळी मॅकवर डिस्क लावूनही ती फाइंडरमध्ये दिसत नाही आणि डिस्क युटिलिटीत तिचं नाव करडं असतं. घाबरून ती उपटू नका. मॅक मागे गुपचूप तिची तपासणी करत असतो. अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये एफएससीके नावाची प्रक्रिया दिसेल. मोठ्या डिस्कला बराच वेळ लागतो. विंडोजवर हेच काम ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स, चेक इथून होतं.

बारीक फाइली खूप असतील तर जागाही वाया जाते. ३२ जीबीपेक्षा मोठ्या एक्सफॅट डिस्कवर विंडोज डिफॉल्टने १२८ केबीचे ठोकळे करतं, आणि २ केबीची फाइलही एक आख्खा ठोकळा घेते. अशा १ लाख फाइलींचा खरा डेटा २०० एमबीच्या आसपास, पण डिस्कवर जातात १२ जीबीच्या वर. प्रोग्रॅमिंगचे प्रोजेक्ट झिप किंवा टार (अनेक फाइली एकाच फाइलीत बांधणं) करूनच टाका. एक्सफॅटमध्ये लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारे दुवे) टिकत नाहीत, टारच्या आत मात्र टिकतात. फाइलींच्या नावांत प्रश्नचिन्ह, कोलन, तारा ही चिन्हं नकोत. विंडोजला ती चालत नाहीत. मॅकवरून आलेल्या टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली विंडोजवर दिसतील. त्यांत मॅकची जादा माहिती असते, विंडोजवर त्यांचा उपयोग नाही.

मॅकच्या टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीचा बॅकअप एक्सफॅटवर होत नाही, त्यासाठी वेगळी डिस्क ठेवा. मॅकच्या एपीएफएस फाइल सिस्टिममधली ती डिस्क कुणी विंडोजला लावली तर विंडोज म्हणेल, वापरण्याआधी फॉरमॅट करा. तिथे कॅन्सल दाबायचं. डिस्क ठीक असते, विंडोजला फक्त ती वाचता येत नाही.

डिस्क एनटीएफएसच ठेवून फक्त विंडोज आणि उबंटूत वापरायची असेल तर तेही चालेल, उबंटू त्यावर लिहितं. मात्र विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (यंत्र लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज पूर्ण बंद न होण्याची सोय) चालू असेल आणि डिस्क न काढता यंत्र बंद केलं, तर उबंटूवर ती फक्त वाचण्यापुरती उघडू शकते किंवा उघडतच नाही. परत विंडोजला लावा, शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, मग उबंटूला जोडा.