वाचक विचारतात : शाळेचा जुना वीजबोर्ड

प्रश्न : आमच्या शाळेत तळमजल्यावर लाकडी फळीवर किटकॅट फ्यूज (चिनी मातीचे, आत तार बसवायचे) आणि लोखंडी मेन स्विच आहे. १८ वर्ग, २० संगणकांची खोली, पाण्याचा पंप असा पसारा. दिवाळीच्या सुट्टीत बोर्ड काढून एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारे स्विच) बसवले तर भागेल का?
— शाळा समिती सदस्य, गिरगाव

उत्तर : वायरिंग तपासल्याशिवाय नाही. एखादा किटकॅट बाहेर ओढून पाहा. फ्यूजतारेच्या जागी साध्या वायरीचे दोन-तीन पदर पिळून बसवलेले दिसले, तर ती वायर आजवर किती तापली याचा काहीच भरवसा नाही. रबरी आवरणाची जुनी वायर लाकडी पट्टीतून गेली असेल तर टोक वाकवताच आवरणाचा भुगा पडतो. अशा वायरीला नवा बोर्ड जोडणे म्हणजे पैसे पाण्यात. ती बदलायचीच.

बाकीच्या सर्किटांची ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) चाचणी घ्या. आधी मेन बंद, संगणक, एलईडी दिवे आणि पंख्यांचे रेग्युलेटर सोडवलेले. नाहीतर मेगरच त्यांचा बळी घेईल. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) एकत्र करून अर्थशी मोजा. १ मेगओहमपेक्षा कमी आले तर ते सर्किट नव्या बोर्डाला जोडू नका.

जुन्या बोर्डांत एक घातक प्रकार हमखास सापडतो : न्यूट्रललाही फ्यूज. तो उडाला की पंखा थांबतो, पण त्याच्या वायरीत वीज तशीच असते आणि शिपाई निर्धास्तपणे हात घालतो. नव्या बोर्डात न्यूट्रलला फ्यूज नको, घट्ट लिंक (सरळ जोडणारी पट्टी) हवी.

आता भार. वर्गात ७५ वॅटचे ४ पंखे आणि २० वॅटचे ६ एलईडी, म्हणजे ४२० वॅट. १८ वर्गांचे साडेसात किलोवॅट. संगणक १५० वॅटप्रमाणे ३ किलोवॅट, त्या खोलीत दीड टनाचे दोन एसी असल्यास साडेतीन, पंप-कूलर-कार्यालय मिळून आणखी तीन. एकूण १७ किलोवॅट, थ्री फेजवर समान वाटल्यास फेजला २७ अँपिअरच्या आसपास. त्यासाठी ४० अँपिअरचा चार पोलचा (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा) मेन आणि १० चौरस मिमी तांब्याची केबल पुरते. बिलावरचा मंजूर भार मात्र आधी पाहा; कमी असेल तर बेस्टकडे वाढीचा अर्ज लवकर करा.

दोन वर्गांना एक सर्किट : दीड चौरस मिमी तांबे, १० अँपिअरचा एमसीबी. अशी ९, शिवाय कार्यालय २, जिने-व्हरांडे २, पंप १, कूलर १, मिळून १५. ८ वेच्या टीपीएन (तीन फेज आणि न्यूट्रलच्या) बोर्डात २४ जागा असतात, तेव्हा वाढीला ९ उरतात. प्रत्येक फेजला स्वतंत्र ४० अँपिअर, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज अर्थकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. एकच घेतलात तर एका ओल्या स्विचपायी अख्खी शाळा अंधारात. संगणकांची खोली मेननंतर थेट निघणाऱ्या फीडरवर (स्वतंत्र पुरवठा केबलवर), वेगळ्या छोट्या बोर्डावर ठेवा.

सर्वांत जास्त लक्ष मुख्य न्यूट्रलवर. थ्री फेजमध्ये तो सैल पडला तर कमी भाराच्या फेजवर २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढतो आणि संगणक एका झटक्यात जातात. जुनी अ‍ॅल्युमिनियमची केबल तांब्याला थेट जोडू नका, द्विधातू लग (दोन्ही धातूंचे जोडटोक) वापरा. खाऱ्या दमट हवेत असा सांधा लवकर खराब होतो. महिन्याभराने सगळे स्क्रू बंद मेनवर पुन्हा आवळा.

मीटरचे सील परस्पर तोडू नका, बेस्टकडून शटडाउन घ्या. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच.

प्रश्न : आमच्याकडे अर्थिंग चांगले आहे. मग आरसीसीबी कशाला?
— पालक, परळ

उत्तर : हिशोब करा. केवळ जमिनीतल्या ५ ओहमच्या अर्थवर २३० व्होल्ट म्हणजे ४६ अँपिअर. ‘सी’ प्रकारचा १० अँपिअर एमसीबी तत्क्षणी पडायला १०० अँपिअर लागू शकतात. तोवर कूलरचा पत्रा जिवंत राहतो. आरसीसीबी मात्र ३० मिलीअँपिअरच्या गळतीलाच पडतो.

प्रश्न : नवा बोर्ड बसवल्यापासून आरसीसीबी सारखा पडतो. वायरमन म्हणतो, काढून टाकू.
— शिक्षिका, भांडुप

उत्तर : मुळीच काढू देऊ नका. नेहमीचे कारण म्हणजे एका आरसीसीबीखालच्या सर्किटाचा न्यूट्रल दुसऱ्याच्या पट्टीवर किंवा पुढे कुठेतरी अर्थला टेकलेला. सर्व एमसीबी पाडून प्रत्येक सर्किटाचा न्यूट्रल पट्टीवरून सोडवा, मग आरसीसीबी चढवून एकेक सर्किट जोडत जा. ज्याला पडेल ते दोषी. फक्त एमसीबी खाली करून भागत नाही, कारण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. संगणक जास्त असतील तर दुसरी शक्यता : प्रत्येकाची किंचित गळती असतेच आणि ३० चा आरसीसीबी १५ मिलीअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकतो. अशा वेळी संगणक दोन-तीन आरसीसीबींवर वाटा. फक्त पावसाळ्यात पडत असेल तर संडासाच्या भिंतीतली पाइपलाइन आणि गच्चीवरचा पंप आधी पाहा.

प्रश्न : संगणक लावले की १६ चा एमसीबी पडतो. ३२ चा लावावा का?
— मुख्याध्यापक, कुर्ला

उत्तर : वायर अडीच मिमीची असेल तर नाही, एमसीबीआधी वायर जळेल. सर्किट दोन करा.