शहाळे, नारळ आणि गोटा
बडोद्याच्या खंडेराव मार्केटात नारळ निवडताना आपण रंगावर भर देता. परंतु शहाळी हिरवी तशी केशरीही असतात आणि तो जातीचा फरक असल्याने रंगावरून वय ठरवू नये. सुमारे 7 महिन्यांचे शहाळे पाण्याने काठोकाठ भरलेले असते, म्हणून ते हलवले तरी वाजत नाही. 12 महिन्यांच्या पक्क्या नारळात मात्र पाणी खळखळते. सोललेल्या नारळाचे शेंडीखालचे तीन डोळे अवश्य पाहावेत, कारण तिथे ओल किंवा बुरशी असल्यास खोबरे बहुधा खवट निघते. (विक्रेता शेंडी बाजूला करू देत नसेल, तर सरळ पुढच्या दुकानी जावे.) पाणी पूर्ण आटून खोबरे करवंटीपासून सुटले की तो गोटा, तो आत खडखडतो. वाटणाला तो उत्तम, सोलकढीला निरुपयोगी.