ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून सूर्यास्त बघायचा तर कुठे उभं राहावं आणि किती वाजता पोहोचावं?

सगळे सासबहूच्या देवळाकडे पाठवतात. देऊळ सुरेखच, पण ते किल्ल्याच्या पूर्व कडेला आहे. सूर्य तुमच्या पाठीशी मावळणार. तेली मंदिर पश्चिमेच्या अंगाला आहे, म्हणून सूर्यासाठी त्या बाजूची तटबंदी धरा. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे सरकतो, तेव्हा खालच्या लष्कर या शहरभागाच्या गच्च्या त्याच नजरेत येतात. जूनमध्ये तो वायव्येला जातो, मग लष्कर डावीकडे बाजूला पडतं.

डिसेंबरात सूर्यास्त साधारण साडेपाचला, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. तासभर आधी वर असा. गाडी, रिक्षा उरवाई गेटनंच चढते. ग्वाल्हेर गेटचा चढ पायीच. तिकिटाची स्मारकं आधी उरका, ती संध्याकाळी बंद होतात.

फसगत होते ती हवेमुळे. मे-जूनच्या धुळीत आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच राखाडी पट्ट्यात विरतो. पाऊस संपल्यावरचा, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम.

बिंब टेकल्यापासून बुडेपर्यंत जेमतेम अडीच मिनिटं लागतात. लोक तेवढ्यावर निघतात, तिथेच चुकतात. पुढची वीस मिनिटं थांबा: आकाश जांभळं असतानाच खाली एकेक दिवा लागत जातो, फोटो तेव्हाच काढा. मोबाइलवर आकाशाला बोट लावून उजेड थोडा कमी करा, नाहीतर रंग पांढरट येतात. उतरायला टॉर्च हवाच. आणि कठड्यावर बसू नका, दगड झिजून गुळगुळीत झालेत.