एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ टक्के आलं आहे, वय ४२, राहायला ठाण्यात. भात पूर्ण सोडावा का?

नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, इथून मागे फिरता येतं. भाताची मूद लहान करा आणि ती शेवटी खा. आधी कोशिंबीर, पालेभाजी, उसळ किंवा घट्ट वरण पोटात गेलं की जेवणानंतरची साखर कमी उसळते. आपल्या ताटाची खरी अडचण म्हणजे पोळी, भात, बटाट्याची भाजी असं सगळं पिष्टच एकत्र येतं. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीन हाणल्यात तर उपयोग नाही. स्टेशनबाहेरचा वडापाव आणि ऑफिसातले गोड चहा आधी कमी करा.

व्यायामाबद्दल: २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम, बेताचा आहार आणि सुमारे ७ टक्के वजन कमी करण्याचं लक्ष्य, एवढ्यावर मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१. रात्री जेवून सोफ्यावर बसण्यापेक्षा तलावपाळीला फेऱ्या मारा. (लोकलमध्ये उभं राहणं व्यायामात धरू नका!) जोडीला आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा वजनं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.